तिसऱ्या प्रकरणात टाकलेली शिफारस

अठ्ठावीस वर्षं मी प्रश्न लिहिले आणि ते दुसऱ्यांनी विचारले. संसदेच्या सचिवालयात समित्यांचं काम बघणाऱ्या शाखा असतात, त्यांत माझी सगळी नोकरी झाली. गेल्या वर्षी चोपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. या अंकाचे संपादक म्हणाले, “सबनीस, नोकरीतल्या गमतीजमती लिहा.” गमती आहेत, एखाददुसरी सांगेनही. पण मी हो म्हटलं ते वेगळ्या कारणासाठी. एकदा मी एक शिफारस चुकीच्या प्रकरणात टाकली होती, आणि ती चुकून टाकली नव्हती. हे मोजक्या माणसांना ठाऊक आहे. आता तुम्हालाही सांगतो.

समितीच्या खोलीत जे बोललं जातं ते बाहेर सांगायचं नसतं, ही सवय अंगात मुरली आहे. त्यामुळे समिती कोणती, वर्ष कोणतं, यंत्रणा कोणती, हे लिहीत नाही. भ्रष्टाचाराचा तपास करणारी केंद्राची एक यंत्रणा होती आणि तिच्या कामकाजावर खासदारांची एक समिती लक्ष ठेवत असे, एवढं पुरे. त्यातल्या आणि या लेखातल्या काही माणसांची नावं मी बदलली आहेत. माझं बदललेलं नाही.

आमचं काम सोपं करून सांगतो. समिती दरवर्षी एखादा विषय घेते. आम्ही अधिकारी त्या विषयाचे कागद वाचून प्रश्नांची यादी करतो. लेखी उत्तरं येतात. मग यंत्रणेच्या प्रमुखांना बोलावतात. लांब टेबलाच्या एका बाजूला खासदार, समोर प्रमुख, आणि प्रमुखांच्या मागे दोन रांगा भरून त्यांचे अधिकारी. प्रश्न अडचणीचा झाला की मागच्या रांगेतून चिठ्ठी पुढे सरकते. इकडे आमच्या बाजूने मी अध्यक्षांच्या कोपराजवळ चिठ्ठी सरकवतो: ‘उत्तर अपुरे. पान चौदा पाहावे.’ सभा खासदारांची आणि साहेबांची दिसते, पण त्यातली बरीचशी दोन चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांत चाललेली असते. त्यांच्या बाजूने चिठ्ठ्या लिहायचे त्यागी नावाचे समन्वय अधिकारी. आम्ही एकमेकांना चांगले ओळखत होतो. बैठक संपली की लिफ्टमध्ये ते म्हणायचे, “सबनीस जी, आज तो पेज चौदह ने मार डाला.”

मग अहवाल. त्यातल्या शिफारशी ठळक टाइपात छापतात. समिती कधी ‘आशा करते’, कधी ‘अपेक्षा करते’, कधी ‘शिफारस करते’, आणि फारच चिडली तर ‘ठामपणे शिफारस करते’. कुठे आशा आणि कुठे शिफारस हे पहिल्या मसुद्यात मी ठरवायचो. बरेचदा तेच शेवटपर्यंत टिकायचं. अभिमान वाटायचा हे कबूल करतो. ज्याचं नाव अहवालात कुठेच नसतं त्याची वाक्यं ठळक टाइपात असतात, याची एक छुपी ऐट असते.

समितीकडे लोकांची पत्रंही येतात. मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातला एक कामगार दर महिन्याला यायचा. कंपनीच्या बसने निम्मा रस्ता, पुढे शेअर ऑटो, मेट्रो, आणि हातात कागदांनी फुगलेली रेक्झिनची पिशवी. त्याच्याकडे एका निरीक्षकाने लाच मागितली होती आणि यंत्रणा त्याची तक्रार घेत नव्हती. स्वागतकक्षात बसून मी त्याला दर वेळी तेच सांगायचो की समिती कोणाच्या वैयक्तिक केसमध्ये पडत नाही, ती फक्त व्यवस्थेबद्दल बोलते. शेवटच्या वेळी त्याने पिशवीची चेन लावली आणि विचारलं, “साहब, व्यवस्था में केस नहीं होते तो और क्या होता है?”  नियम मात्र खरा आहे आणि शहाणपणाचा आहे. खासदारांनी एकेका तपासात हात घालायला सुरुवात केली तर तपास तपास राहणार नाही.

हा नियम मला एवढा नीट पाठ होता. आता शिकलगारसाहेबांबद्दल सांगतो.

आर. के. पुरमला आमच्या वरच्या मजल्यावर रफिक शिकलगार राहायचे. मूळचे मिरजेचे. केंद्राच्या एका बांधकाम खात्यात कार्यकारी अभियंता. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. त्यांच्या पत्नी नसीमवहिनी आणि माझी बायको स्मिता यांचं एकमेकींशिवाय पान हलत नसे. साहेब मोजकं बोलायचे. पाण्याच्या टाकीला गळती लागली की स्वतः शिडी लावून वर चढायचे आणि खाली येऊन फक्त “झालं” म्हणायचे.

त्यांच्याविरुद्ध कोणीतरी निनावी तक्रार केली. एका इमारतीच्या कामाचं टेंडर ठरावीक माणसाला मिळावं म्हणून अटी बदलल्या, अशी. यंत्रणेने प्राथमिक चौकशी, त्यांच्या भाषेत पी. ई., सुरू केली. म्हणजे गुन्हा दाखल नाही, आरोप नाही, आरोपात काही तथ्य दिसतं का एवढंच बघायचं. ती ठरावीक मुदतीत संपवायची असते. साहेबांना दोनदा बोलावलं, फायली नेल्या, त्यांनी सगळं सांगितलं. त्यानंतर काहीच नाही. गुन्हाही नाही आणि निर्दोष असल्याचं पत्रही नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, काही नाही म्हणजे चांगलंच की. सरकारी नोकरीत तसं नसतं. बढतीच्या वेळी खातं दक्षता विभागाला विचारतं की या माणसाविरुद्ध काही चालू आहे का. दक्षता विभाग लिहितो, ‘चौकशीचा निष्कर्ष प्राप्त नाही.’ ते एक वाक्य पुरतं. साहेबांच्या हाताखाली शिकलेला माणूस वर गेला आणि हे त्याला ‘सर’ म्हणू लागले. खात्यात कोणी काही बोलत नव्हतं. फक्त नव्या कामांच्या फायली त्यांच्या टेबलावर येणं बंद झालं.

त्या वर्षी समितीने यंत्रणेचाच विषय घेतला आणि लोकांकडून निवेदनं मागवणारी जाहिरात पेपरात दिली. साहेबांनी निवेदन पाठवलं. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर द्यायचं पत्र त्यांनी स्पीड पोस्टाने ऑफिसच्या पत्त्यावर धाडलं. जिन्यात भेटले तेव्हा त्याबद्दल एक अक्षर नाही. मी ऑफिसात पाकीट फोडलं आणि सही बघून पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला.

निवेदन दोन पानांचं होतं. स्वतःची हकिगत थोडक्यात, आणि शेवटी एक मागणी. ती मागणी वैयक्तिक नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, ‘मी दोषी असेन तर मला शिक्षा करावी. नसेन तर तसे कळवावे. दोन्ही न करण्याचा अधिकार कोणाला नसावा.’

अशी आणखी चार पत्रं निघाली, वेगवेगळ्या खात्यांतली. मी कोणाचंही नाव न घेता एक शिफारस लिहिली: प्राथमिक चौकशी मुदतीत संपवावी, आणि तिचा निष्कर्ष संबंधित खात्याला व त्या अधिकाऱ्याला लेखी कळवावा. समितीने ती मान्य केली. ठळक टाइपात छापून आली. नियम मोडला नव्हता आणि काम झालं होतं, असं माझ्या मनाने घेतलं. अहवाल सभागृहात ठेवला त्या संध्याकाळी नसीमवहिनींनी वरून पातेलीभर खीर पाठवली. कशाबद्दल, ते कोणी सांगितलं नाही.

शिफारस छापली की लोकांना वाटतं संपलं. खरं काम पुढे असतं. काही महिन्यांनी सरकार प्रत्येक शिफारशीवर आपण काय केलं ते कळवतं, आणि त्यावर समितीचा दुसरा अहवाल निघतो. त्यात शिफारशी वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून टाकतात. सरकारने मान्य केल्या त्या दुसऱ्या प्रकरणात. उत्तर पटलं नाही त्या चौथ्यात, म्हणजे समिती पुन्हा हटकते. आणि तिसऱ्या प्रकरणाचं लांबलचक शीर्षक असं असतं: सरकारचे उत्तर लक्षात घेता ज्यांचा पाठपुरावा करण्याची समितीची इच्छा नाही अशा शिफारशी. तिसऱ्या प्रकरणात गेलेली शिफारस बहुधा तिथेच मरते. कोणती कुठे टाकायची हे ठरवणारा मसुदा आमची शाखा करते.

आमच्या शिफारशीवर उत्तर आलं, ‘नोंद घेण्यात आली आहे. या संदर्भात पुरेशा सूचना आधीच अस्तित्वात आहेत.’ शाखेत नवा आलेला माणूससुद्धा हे चौथ्या प्रकरणात टाकेल. सूचना पुरेशा असत्या तर पाच माणसांनी पत्रं कशाला लिहिली असती?

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबं कस्तुरबा गांधी मार्गावर राज्याच्या अतिथिगृहात जेवायला गेलो होतो. तिथे पिठलं-भाकरी मिळते आणि आमच्या मुलीला, ईराला, ठेचा खाऊन दाखवायची हौस असते. पलीकडच्या टेबलावर त्यागी कोणा पाहुण्यांना घेऊन आले होते. त्यांनी हात केला, मीही केला. साहेबांना ते चौकशीपासून ओळखत असावेत, आणि चौकशीच्या फायलीत घरचा पत्ता असतोच. मंगळवारी ते काही कागद द्यायला ऑफिसात आले. निघताना दारात थांबून हसत म्हणाले, “सबनीस जी, वो पी. ई. वाली सिफ़ारिश… वो आपके ऊपर वाले फ़्लैट से आई है क्या?”

“क्या मतलब?” मी म्हटलं.

“अरे मज़ाक कर रहा हूँ, यार,” असं म्हणून ते गेले.

त्यागी माणूस वाईट नव्हता, आणि तो खरंच विनोद असेलही. पण मी घाबरलो. उद्या कोणी म्हणालं की समितीचा अधिकारी शेजाऱ्यासाठी शिफारशी लिहितो, तर? मी जाऊन वरिष्ठांना सांगायला हवं होतं, की निवेदन देणाऱ्यांपैकी एकजण माझा शेजारी आहे, हा भाग दुसऱ्या कोणाकडे द्या. खरं तर पाकीट फोडलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते केलं नाही. त्या दुपारी मसुदा उघडला आणि ती शिफारस चौथ्या प्रकरणातून उचलून तिसऱ्यात ठेवली. कॉम्प्युटरवर दोन बटणांचं काम. मनाशी म्हटलं, आता कोणी बोट दाखवू शकणार नाही.

अधिवेशन संपत आलं होतं. मसुदा मंजूर करायची बैठक दहा मिनिटं चालली. तेव्हाच्या अध्यक्षांनी विचारलं, “किसी माननीय सदस्य को कुछ कहना है?” सगळ्यांना सभागृहात पोचायचं होतं. कोणी काही बोललं नाही. अहवाल मंजूर.

पंधरा दिवसांनी शिकलगारसाहेब प्रिंट काढून खाली आले. सोफ्यावर बसले, चष्मा पुसला.

“सबनीस, समितीला पाठपुरावा करायची इच्छा नाही म्हणे.”

“हो. असं… असं झालं खरं.”

“तीसेक खासदारांनी वाचून ठरवलं असेल ना?”

मी मान हलवली. ती मान हलवणं मला अजून आठवतं.

“असेल बाबा,” ते म्हणाले. “त्यांच्यापुढे देशाची कामं. चलो, आपण आपला प्रयत्न केला.” मग दारापाशी वळून म्हणाले, “तुम्हाला उगाच वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तुम्ही तर लिहिलं होतं.”

ते गेल्यावर ईराने विचारलं, “बाबा, पाठपुरावा म्हणजे?” ती दिल्लीतच वाढलेली, मराठी शब्द तिच्या हातून निसटतात.

“फॉलोअप.”

“म्हणजे फॉलोअप नाही करायचा, असं कमिटीने डिसाइड केलं? काका तर किती चांगले आहेत.”

“मोठ्या गोष्टी आहेत, तुला नाही कळणार,” मी म्हटलं आणि उठून गॅलरीत गेलो. सतरा वर्षांच्या पोरीला सगळं कळलं असतं. सांगायला तोंड नव्हतं.

त्यानंतरची दोन वर्षं मी जिना उतरताना आधी वर पायांचा आवाज येतोय का बघायचो. साहेब कधी चिडून खासदारांना नावं ठेवायचे, एकेकाचं नाव घेऊन, आणि मी पोहे खात ऐकायचो. स्मिताला सांगितलं नव्हतं. ऑफिसात चोख काम करायचो, नेहमीपेक्षा जास्तच. साहेबांच्या निवृत्तीला नऊ महिने राहिले. चौकशी तशीच लोंबकळत राहिली तर ते त्याच वाक्यासकट घरी जाणार होते. नोकरीत माणसाला निदान अर्ज करायला टेबल असतं. निवृत्तीनंतर कोण विचारतं?

समिती दरवर्षी नव्याने बनते. त्या वर्षी अध्यक्ष म्हणून आल्या त्या पूर्वी जिल्हा कोर्टात वकिली केलेल्या, साठीतल्या बाई. पहिल्याच बैठकीत त्यांनी यंत्रणेचा विषय पुन्हा घेतला आणि आधीच्या अहवालांचा गोषवारा मागितला. तो करायला माझ्याकडेच आला. तिसऱ्या प्रकरणातल्या शिफारशींची यादी टाइप करताना त्या शिफारशीपाशी पोचलो.

मी टाइप करणं थांबवलं आणि फाइलवर टिपण लिहिलं. सरकारी फाइलवरचं टिपण पुसता येत नाही, म्हणूनच तिथे लिहिलं. तोंडी सांगितलं असतं तर उद्या मीच शब्द फिरवले असते. लिहिलं की अमुक शिफारस चौथ्या प्रकरणात जायला हवी होती, ती मी जाणूनबुजून तिसऱ्यात टाकली. निवेदन देणाऱ्यांपैकी एकजण माझा शेजारी आहे, हे मी वरिष्ठांना सांगितलं नव्हतं आणि ते उघड होईल अशी मला भीती वाटली.

आमच्या डायरेक्टर भटनागर मॅडमनी ते वाचून केबिनचं दार लावलं.

“सबनीस जी, ये क्या है? ‘जानबूझकर’? ‘त्रुटि’ लिख दीजिए. आदमी से ग़लती होती है.”

“ग़लती होती तो मैं त्रुटि ही लिखता, मॅडम.”

“आपकी अपनी फ़ाइल ख़राब होगी. समझ रहे हैं?”

“समझ रहा हूँ.”

त्यांनी टिपण पुन्हा वाचलं. “दो साल बाद क्यों?”

“वो आदमी अगले साल रिटायर हो रहा है,” मी म्हटलं. “और मैं रोज़ उसी सीढ़ी से उतरता हूँ.”

 दुपारी त्या मला घेऊन अध्यक्षांकडे गेल्या. बाईंनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली.

“वो इंजीनियर रिश्तेदार हैं?”

“नहीं मॅडम, पड़ोसी.”

“कुछ लिया उनसे? कोई काम करवाया?”

“पानी की टंकी ठीक करवाई है. पूरी बिल्डिंग की.”

बाई किंचित हसल्या. “सिफ़ारिश सही थी या ग़लत?”

“सही थी.”

“तो पड़ोसी के होने से सही बात ग़लत कैसे हो गई? आपको बस कुर्सी बदलनी थी. सिफ़ारिश की जगह नहीं.”

एवढ्या कमी शब्दांत मला माझा गुन्हा कोणी समजावून सांगितला नव्हता. दोन निर्णय त्यांनी तिथेच घेतले. हा विषय माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला. आणि समितीपुढे जे घडलं ते जसंच्या तसं ठेवून त्या शिफारशीवर नव्याने विचार करायचं ठरवलं. मला पुढे लेखी समज मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे. बढतीच्या यादीत त्या वर्षी माझं नाव आलं नाही. मी त्याबद्दल कुठे तक्रार केली नाही, आणि खरं सांगतो, करावीशीही वाटली नाही.

यंत्रणेच्या प्रमुखांची साक्ष झाली त्या दिवशी मी भिंतीलगतच्या खुर्चीत बसलो होतो, हातात पेन नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरचा प्रश्न मी लिहिलेला नव्हता. अध्यक्ष म्हणाल्या, “ज्या प्राथमिक चौकशांची मुदत उलटली आहे आणि ज्यांचा निष्कर्ष खात्याला कळवलेला नाही, त्यांची यादी द्या.”

मागच्या रांगेत हालचाल झाली. त्यागींनी चिठ्ठी लिहिली, पुढे दिली. प्रमुखांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि जे केलं ते मी आजही मानतो. ते म्हणाले, “मॅडम, ऐसी सूची हमारे पास एक जगह है नहीं.”

 असा खरेपणा त्या टेबलावर फार ऐकायला मिळत नाही.

“तो बना लीजिए,” बाई म्हणाल्या. “एक महीना काफ़ी है?”

यादी झाली. ज्या यंत्रणेला आम्ही इतकी वर्षं अडचणीत पकडायला टपलेलो असायचो तिच्या शाखाशाखांतून जुन्या फायली बाहेर निघाल्या. बऱ्याच ठिकाणी तपास करणारा अधिकारी बदलून गेला होता आणि नव्या माणसाने आधीची फाइल उघडलीच नव्हती. कोणी कोणाला मुद्दाम छळत नव्हतं. शेवटची सही करायचं कोणाला सुचलं नव्हतं, एवढंच. त्यातल्या काही चौकशांतून गुन्हेही दाखल झाले, ते योग्यच झालं. बाकीच्यांना पत्रं जाऊ लागली.

शिकलगारसाहेबांचं पत्र त्यांच्या खात्याला आलं आणि प्रत त्यांना. दोन वाक्यांचं: आरोपांत तथ्य आढळले नाही, चौकशी बंद करण्यात येत आहे. निवृत्तीला सात आठवडे होते. नसीमवहिनी धावत खाली आल्या आणि स्मिताच्या गळ्यात पडून रडल्या. खात्याने या वेळी घाई केली. बढतीचा आदेश निघाला तेव्हा साहेबांच्या नोकरीचे तीन आठवडे उरले होते. नव्या ऑफिसातल्या शिपायाने पहिल्या दिवशी त्यांना “किससे मिलना है?” असं विचारलं आणि हे म्हणाले, “मुझी से.” हे ते सगळ्यांना सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आनंदाच्या त्या गडबडीत गप्प राहणं सोपं होतं. तरी निवृत्तीच्या आधीच्या शनिवारी सकाळी मी आधी स्मिताला सांगितलं, मग एकटाच वर गेलो. उभ्यानेच सगळं सांगितलं. बसून सांगितलं असतं तर मध्येच चहा आला असता आणि विषय बदलला असता.

साहेबांनी ऐकून घेतलं. नसीमवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

“म्हणजे खासदारांनी नव्हतं ठरवलं,” ते म्हणाले.

“नाही. मी.”

“दोन वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या. तुमच्या घरी बसून. तुमचे पोहे खात.”

“हो.”

“आणि तुम्ही ऐकत होता.”

“हो.”

“त्यांनीच मागे घेतलं ना सगळं, लिहून दिलं ना,” वहिनी मध्ये म्हणाल्या. “भाऊजी, तुम्ही बसा तरी.”

“थांब, नसीम,” साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मान लाल झाली होती. “माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मी शेजारी होतो म्हणून तुम्हाला दोन वर्षांनी का होईना झोप लागेना. सबनीस, जे तुमच्या वरच्या मजल्यावर राहत नाहीत त्यांचं काय? असं आणखी किती वेळा केलंत?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं.

“मग बघून या.”

मी खाली आलो. स्मिताने विचारलं, “काय म्हणाले?” म्हटलं, रागावले. “मग तुम्ही असे हलके का दिसताय?” ती म्हणाली.  दोन वर्षं त्यांनी माझ्यावर केलेल्या चांगुलपणाचंच ओझं झालं होतं, आणि आता राग बरोबर पत्त्यावर पोचला होता.

त्या रविवारी आणि पुढचे दोन आठवडे संध्याकाळी मी माझ्या हातून गेलेले सगळे अहवाल काढले. ते सार्वजनिक असतात, कोणालाही बघता येतात. प्रत्येकातलं तिसरं प्रकरण उघडून एकेक शिफारस वाचली आणि स्वतःला विचारलं की ही इथे का टाकली. बहुतेकांना सरळ उत्तर होतं. सरकारचं म्हणणं पटण्यासारखं होतं, किंवा काम आधीच झालं होतं. काही ठिकाणी अध्यक्षांनीच सांगितलं होतं. वाचत गेलो तसा छातीवरचा दगड थोडा थोडा सरकत गेला. मी स्वतःला जितका वाईट माणूस समजत होतो तितका निघालो नाही, हे कळणंही मोठंच असतं.

एक मात्र सापडली. तक्रारदाराने तक्रार दिली की त्याला पोच आणि क्रमांक मिळावा, अशी साधी शिफारस. उत्तर सहा पानांचं आणि गुंतागुंतीचं होतं. मी ते पूर्ण न वाचता तिसऱ्यात टाकलं होतं. आता वाचलं, तर सहाव्या पानावर लिहिलं होतं की ही पद्धत अजून सुरू झालेली नाही. रेक्झिनच्या पिशवीवाला तो माणूस दर महिन्याला का यायचा, हे मला त्या पानाने सांगितलं. त्याच्याकडे पोचच नव्हती. ती शिफारसही मी दुसऱ्या दिवशी भटनागर मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, “आप तो आदत बना रहे हैं,” आणि सही करून पुढे पाठवली. चालू अहवालात ती जाऊ शकली. मानेसरचा माणूस पुन्हा आला नाही आणि त्याचा पत्ता आम्ही कधी लिहून घेतला नव्हता. ते माझ्याकडे राहिलंच.

तोवर शिकलगारसाहेब निवृत्त झाले होते. निरोपसमारंभाला मी मागच्या रांगेत बसलो होतो, त्यांनी पाहिलं आणि मान वळवली. क्वार्टर सोडायला त्यांना थोडी मुदत होती. एके सकाळी मी वर गेलो. त्यांनीच दार उघडलं. आत पुस्तकांची खोकी बांधून ठेवली होती.

“बघितलं,” मी म्हटलं.

“सगळं?”

“सगळं. सव्वीस वर्षांचं.”

“किती?”

“तुमची सोडून एक.”

“भीतीनेच?”

“नाही. आळसाने. ती पण परत वर पाठवली आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. पूल उभा राहिल्यावर त्याच्याकडे बघावं तसं, कुठे तडा दिसतो का. मग एका खोक्यावरची वर्तमानपत्रं उचलून बाजूला ठेवली.

“मग बसा,” ते म्हणाले.